युद्धकाळातील गृहआघाडी आणि स्त्रियांचे मैत्र : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या संदर्भात

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास शिकवताना स्त्रियांचा उल्लेख सामान्यतः एका वाक्यात उरकला जातो. पुरुष आघाडीवर गेले, म्हणून स्त्रियांनी कारखान्यांत त्यांची जागा घेतली, असे ते वाक्य असते. ते खोटे नाही. पण त्यात स्त्री ही केवळ रिकाम्या जागी बसवलेली कामगार ठरते. तिने युद्धाची सहा वर्षे कोणासोबत काढली, कोणाशी बोलली, कोणाच्या आधाराने रात्र काढली, हा प्रश्न त्या वाक्यात उपस्थितच होत नाही. प्रस्तुत लेखात इ.स. १९३९ ते १९४५ या काळातील ब्रिटनचा विचार या प्रश्नाच्या अनुरोधाने केला आहे. सैन्य जेथे लढते ती रणआघाडी. आणि तिच्यामागे घर, गल्ली, शेत, कारखाना यांतून जो समाज युद्ध पेलतो ती गृहआघाडी, अशा अर्थाने ही संज्ञा येथे वापरली आहे.

या विषयाभोवती दोन सोयीस्कर चित्रे तयार झालेली आहेत. पहिले चित्र युद्धकाळातील प्रचाराने रंगवले. बॉम्ब पडू लागताच सरदारपत्नी आणि मोलकरीण एकाच बाकावर बसून चहा पिऊ लागल्या, असे ते चित्र. दुसरे चित्र त्याहून जुने आहे : दोन बायकांचे एका ठिकाणी पटत नाही. दोन्ही चित्रांत एक समान दोष आहे. मैत्री ही स्वभावातून किंवा संकटाच्या भीतीतून आपोआप उगवते, किंवा उगवत नाही, असे ती गृहीत धरतात. उपलब्ध साधने पाहता वेगळे दिसते. घराबाहेर पडण्याचे सर्वमान्य कारण, हातांना एकत्र काम, आणि ते काम कसे चालवावे हे ठरवण्याचा काही अधिकार या गोष्टी जेथे मिळाल्या तेथे स्त्रियांचे मैत्र जुळले. जेथे त्या मिळाल्या नाहीत तेथे बॉम्बही ते जुळवू शकले नाहीत. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपल्याकडे म्हणतात. आधी जाते लागते, आणि बसायला जागाही लागते.

सुदैवाने या काळाची साधने विपुल आहेत. सर्वसामान्य माणसांचे दैनंदिन जीवन नोंदवण्यासाठी १९३७ मध्ये ‘मास-ऑब्झर्व्हेशन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या आवाहनानुसार युद्धकाळात सुमारे पाचशे व्यक्तींनी रोजनिशी लिहून पाठवल्या व त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. हे दप्तर आज ससेक्स विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

घराबाहेर पडण्याचे कारण

युद्धापूर्वीची मध्यमवर्गीय ब्रिटिश गृहिणी, आपण समजतो त्यापेक्षा बरीच एकाकी होती. शिक्षिका, टपाल व शासकीय कार्यालयांतील कर्मचारी अशा अनेक पदांवरील स्त्रियांना विवाह होताच नोकरी सोडावी लागे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शहरांच्या कडेने नवी उपनगरे पसरली. तेथे स्वतंत्र घर आणि बाग मिळाली, पण माहेर, जुनी गल्ली आणि ओळखीचा बाजार सुटला. अशा स्त्रीला दुपारी घराबाहेर जायचे तर खरेदी आणि चर्च यांव्यतिरिक्त सबळ कारण सांगता येत नसे.

हे कारण १९३८ मध्ये स्थापन झालेल्या ‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस’ या संघटनेने पुरवले. तत्कालीन गृहमंत्री सॅम्युअल होअर यांच्या विनंतीवरून ती उभारणाऱ्या लेडी रीडिंग यांचा भारताशी संबंध होता. १९२१ ते १९२६ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नीच्या सेवेत त्या दिल्लीत होत्या व पुढे, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १९३१ मध्ये लॉर्ड रीडिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या कामी स्त्रियांना तयार करणे हा संघटनेचा मूळ हेतू. युद्ध भरात असताना तिची सदस्यसंख्या सुमारे दहा लाखांपर्यंत पोहोचली. चहा देणे, कपडे गोळा करणे, जखमींसाठी पट्ट्या तयार करणे, लष्करी सामग्री झाकणाऱ्या जाळ्या विणणे, घर गमावलेल्यांची सोय लावणे अशी तिची कामे होती. त्यांतील बहुतेक कामे स्त्रिया घरात नेहमी करीतच होत्या. नवे हे की ती आता एकत्र बसून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी करावयाची होती आणि तो वेळ राष्ट्राच्या नावाने मागता येत होता. नवऱ्याला वा सासूला त्याला नकार देणे अवघड झाले.

संघटनेत लष्करासारखे हुद्दे नसावेत, असा लेडी रीडिंग यांचा आग्रह होता. कागदावर हे समतेचे तत्त्व उत्तम आहे. प्रत्यक्षात मात्र गावोगावच्या केंद्रप्रमुख बहुधा त्या भागातील प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियाच असत. हिरवट-करड्या रंगाचा गणवेश सदस्यांना स्वखर्चाने विकत घ्यावा लागे. तो ज्यांना परवडत नसे त्या केवळ बिल्ला लावत. हुद्दा काढून टाकला तरी कापडातून तो परत दिसू लागतो, हे आपल्या संस्थांतूनही अनुभवास येते.

ज्यांना लहान मुले, आजारी वडीलधारे किंवा नोकरी यांमुळे केंद्रावर येणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी याच संघटनेची ‘हाउसवाइव्ज सर्व्हिस’ ही शाखा होती. या शाखेचे महत्त्व अभ्यासकांनी अधिक ओळखावयास हवे, असे वाटते. नोंदणी केलेल्या गृहिणीच्या खिडकीत एक कार्ड लावलेले असे. हल्ला झाला तर त्या घरी गरम पाणी, घोंगडी, चहा आणि बसायला खुर्ची मिळेल, असा त्याचा अर्थ. आपल्या रस्त्यावर कोण राहते, रात्री कोण घरात असते, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ही माहिती या स्त्रिया हवाई हल्ला-रक्षकांना पुरवत. एरव्ही ज्याला चोंबडेपणा म्हटले गेले असते ते ज्ञान येथे जीव वाचवण्याच्या कामी आले. शेजारणीची चौकशी करणे हे स्त्रियांचे जुनेच काम. राज्यसंस्थेने ते प्रथमच काम म्हणून मोजले.

या सर्व प्रक्रियेचे एका व्यक्तीच्या जीवनातील दर्शन नेला लास्ट यांच्या रोजनिशीत घडते. त्या वेळच्या लँकेशायर परगण्यातील बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावात त्या राहत. पती सुतारकामाचा व्यवसाय करीत. दोन मुलगे मोठे झाले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये मास-ऑब्झर्व्हेशनसाठी लिहू लागल्या तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या. युद्धापूर्वी त्यांच्या मनःस्वास्थ्याने त्यांना दगा दिला होता. स्वयंसेविकांच्या केंद्रात त्या रुग्णालयासाठी लागणारे साहित्य शिवण्याच्या कामी जाऊ लागल्या, कापडाच्या चिंध्यांतून बाहुल्या करून निधी उभारू लागल्या, फिरत्या उपाहारगृहावर उभ्या राहिल्या आणि युद्धकैद्यांसाठीच्या रेडक्रॉसच्या दुकानाची जबाबदारी त्यांनी उचलली. १९४१ च्या वसंतात बॅरोवर तीव्र बॉम्बवर्षाव झाला व त्यांच्या घराचेही नुकसान झाले. तरीही ही रोजनिशी वाचताना जाणवते ती भीतीपेक्षा अधिक एका बाईची उमेद. केंद्रातल्या बायकांबरोबरची थट्टामस्करी, कोणाची सून कशी वागते याच्या गप्पा, काम कोणी टाळले याची कुरबुर, हे सारे त्यात आहे. त्याच ओघात, पतीच्या मर्जीने चालणाऱ्या आपल्या जुन्या आयुष्याकडे त्या नव्या, कठोर नजरेने पाहू लागतात. संसाराविषयीचे हे विचार त्या घरात बोलू शकत नव्हत्या. कागदावर लिहू शकल्या याचे एक कारण असे की, घराबाहेर त्यांना स्वतःची किंमत कळली होती. त्यांच्या रोजनिशीचा युद्धकाळातील भाग १९८१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लेखन मात्र त्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू ठेवले होते.

एका चुलीवर दोघी

याच्या अगदी उलट चित्र स्थलांतराच्या योजनेत दिसते. सप्टेंबर १९३९ च्या प्रारंभी, युद्ध जाहीर होण्याच्या सुमारास, सुमारे १५ लाख लोकांना मोठ्या शहरांतून ग्रामीण भागात हलवण्यात आले. इतिहासात गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली शाळकरी मुलेच अधिक लक्षात राहिली आहेत. परंतु त्यांत ५ लाखांहून अधिक संख्या पाच वर्षांखालील मुले व त्यांच्या माता यांची होती.

या मातांची व्यवस्था कशी लावली होती हे पाहण्यासारखे आहे. एकटे आलेले मूल सांभाळणाऱ्या यजमान गृहिणीला सरकारकडून आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळत. एकाहून अधिक मुले असल्यास प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. त्यात जेवण धरलेले होते. मातेसह आलेल्या कुटुंबासाठी मात्र मातेमागे ५ व मुलामागे ३ शिलिंग, एवढाच निवासखर्च देण्यात येई. जेवणाची सोय मातेने स्वतः करावयाची होती. याचा व्यावहारिक अर्थ असा की, लिव्हरपूलच्या किंवा लंडनच्या दाट वस्तीतून आलेल्या स्त्रीने खेड्यातील एका अनोळखी गृहिणीच्या स्वयंपाकघरात, तिच्याच भांड्यांत, तिच्याच शेगडीवर, दिवसातून तीन वेळा शिजवावे. अशी योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः कधी स्वयंपाकघर वाटून घेतले नसावे!

परिणाम अपेक्षित तोच झाला. यजमान स्त्रियांनी उवा, अंथरूण ओले करणारी मुले आणि पाहुणीचा आळस यांविषयी तक्रारी केल्या. शहरी मातांना खेड्यात ना ओळखीचे दुकान, ना चित्रपटगृह, ना गप्पांना माणूस. दिवसभर रस्त्याने मूल घेऊन हिंडण्यापलीकडे त्यांना काम नव्हते. अपेक्षित बॉम्बही त्या हिवाळ्यात पडले नाहीत. जानेवारी १९४० पर्यंत यांतील बहुसंख्य माता आपल्या मुलांसह शहरात परतल्या होत्या. येथे संकट सामाईक होते, छप्पर सामाईक होते, चूलही सामाईक होती. तरी मैत्री झाली नाही. कारण एक घराची मालकीण होती आणि दुसरी आश्रित. जेथे स्वयंसेवी संघटनांनी अशा मातांसाठी दुपारी एकत्र जमण्याचे मंडळ किंवा सामाईक धुण्याची जागा उपलब्ध करून दिली तेथे ताण काहीसा निवळला. या अनुभवाचे एक दूरगामी फलित मात्र नोंदवले पाहिजे. शहरी दारिद्र्याचे जे दर्शन ग्रामीण मध्यमवर्गाला घडले त्यातून स्त्री-संघटनांच्या एका अभ्यासगटाने ‘अवर टाउन्स’ हा अहवाल १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. दोष मातांचा नसून घरांचा, पाण्याचा आणि मजुरीचा आहे, या निष्कर्षाकडे तो वाचकाला नेतो, जरी मातांविषयीचा त्याचा सूर अनेक ठिकाणी कडकच आहे. पुढे १९४५ च्या कायद्याने कुटुंबभत्ता मंजूर झाला तेव्हा तो थेट मातेच्या हाती द्यावा यासाठी एलिनॉर रॅथबोन यांनी पार्लमेंटमध्ये झुंज दिली व ती जिंकली.

मुरंब्याची कढई आणि मतपेटी

ग्रामीण स्त्रियांची ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ ही संघटना या विवेचनात विशेष महत्त्वाची आहे. कारण ती सरकारने उभारलेली नव्हती. कॅनडातील स्टोनी क्रीक येथे १८९७ मध्ये तिचा उगम झाला व ब्रिटनमधील पहिली शाखा वेल्समधील अँग्लसी बेटावर, लानवायरपुल येथे, १९१५ मध्ये सुरू झाली. गावातील जमीनदारीण आणि मजुराची पत्नी दोघींनाही एकच वर्गणी, एकच मत, आणि समितीची निवड गुप्त मतदानाने, हा तिचा शिरस्ता होता. संघटना पक्षातीत व पंथातीत असल्यामुळे तिच्यात युद्धविरोधी क्वेकर सदस्याही होत्या. त्यांच्या विवेकबुद्धीचा मान राखण्यासाठी तिने प्रत्यक्ष युद्धकार्यापासून अंतर ठेवले; अन्न, आरोग्य, मुलांची काळजी ही कामे मात्र स्वीकारली. राष्ट्रीय उन्मादाच्या काळात मतभेद असणाऱ्या सदस्यांना सामावून घेणारा हा निर्णय आहे. मैत्रीच्या इतिहासात त्याची नोंद व्हावयास हवी.

जानेवारी १९४० मध्ये साखर, लोणी व बेकन यांवर शिधावाटप सुरू झाले. त्याच उन्हाळ्यात फळांचे पीक उदंड आले. फळे कुजू नयेत म्हणून संघटनेने साखर मिळवली व गावोगावी फळे टिकवण्याची केंद्रे उघडली. १९४० ते १९४५ या काळात ५,३०० टनांहून अधिक फळे अशा रीतीने टिकवण्यात आली. शाळेचे स्वयंपाकघर, गावचे सभागृह, एखादी गाड्यांची खोली, जागा मिळेल तेथे कढया चढत. हे काम हौसेचे होते असा समज आहे. वस्तुतः ते अतिशय कष्टाचे होते. भर उन्हाळ्यात तासन्‌तास उकळत्या कढईपाशी उभे राहावे लागे, सरकारी निरीक्षकाच्या दर्जाच्या अटी पाळाव्या लागत, आणि तयार झालेला जॅम करणारीला घरी नेता येत नसे. तो शिधावाटपाच्या साठ्यात जमा होई. श्रमाला मोबदला नव्हता.

मग त्या का येत? देशभक्ती हे उत्तर अपुरे आहे. कढईपाशी उभ्या असलेल्या स्त्रियांना बोलण्यासाठी सबंध दिवस मिळे. ज्यांचे मुलगे वा पती दूर होते त्यांना पत्र आले की नाही हे विचारणारे माणूस तेथे रोज भेटे. शिवाय दरमहा सभा होत, त्यांत ठराव मांडले जात. याच संघटनेने १९४३ मध्ये समान कामास समान वेतनाचा ठराव केला व १९४४ मध्ये खेड्यांतील पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांची पाहणी हाती घेतली. जॅम ढवळताना ज्या तक्रारी निघाल्या त्यांना सभेत ठरावाचे रूप देण्याची वाट या स्त्रियांना ठाऊक होती. केवळ चहा आणि भजनी गप्पा म्हणून या संघटनेची जी टिंगल होते ती करणाऱ्यांनी तिचे ठराव वाचलेले नसतात.

कारखाना, वसतिगृह आणि सख्याच्या सीमा

डिसेंबर १९४१ च्या राष्ट्रीय सेवा कायद्याने ब्रिटनने २० ते ३० वर्षे वयाच्या अविवाहित स्त्रिया व अपत्यहीन विधवा यांच्यावर सक्तीची सेवा लागू केली. स्त्रियांचे वर्गीकरण ‘हलवता येण्याजोग्या’ आणि ‘न हलवता येण्याजोग्या’ असे झाले. पहिल्या गटातील मुलींना घरापासून शेकडो मैल दूरच्या दारूगोळा कारखान्यांत पाठवून वसतिगृहांत ठेवण्यात आले. ‘मिलियन्स लाइक अस’ हा १९४३ चा चित्रपट अशाच वसतिगृहातील मुलींची कथा सांगतो आणि कारखान्याच्या भोजनगृहातील सामूहिक गाण्याने संपतो. चित्रपट प्रचाराचा असला तरी प्रामाणिक आहे. उच्चवर्गीय मुलगी व कामगार मुकादम यांच्या प्रेमाचा प्रश्न मुकादम स्वतःच युद्धानंतरच्या काळावर सोडतो. आजची ही एकी टिकेल की नाही याची त्याला खात्री नाही.

त्याच वर्षी मास-ऑब्झर्व्हेशनने प्रसिद्ध केलेला ‘वॉर फॅक्टरी’ हा अहवाल आणखी रोखठोक आहे. पुढे रहस्यकथाकार म्हणून नाव मिळवलेल्या सिलिया फ्रेमलिन यांनी स्वतः विल्टशायरमधील एका कारखान्यात काम करून तो लिहिला. बारा-बारा तासांची कंटाळवाणी पाळी, घड्याळाकडे लागलेले डोळे, आणि युद्धाविषयी आश्चर्य वाटावे इतकी उदासीनता त्यात दिसते. कामाची गती, स्वरूप, उद्देश यांतले काहीच ज्यांच्या हाती नव्हते त्या मुली त्या कामात जीव ओतत नव्हत्या. एकत्र काम केल्याने मैत्री होते, हे विधान येथे दुरुस्त करावे लागते. यंत्राच्या खडखडाटात बोलताच येत नसेल तर शेजारी उभे राहणे म्हणजे सहवास नव्हे.

सख्याला वर्ण व वर्ग यांच्याही सीमा होत्या. लंडनच्या स्टेपनी भागात जन्मलेल्या अमेलिया किंग या कृष्णवर्णीय तरुणीने १९४३ मध्ये शेतीकामासाठीच्या ‘विमेन्स लँड आर्मी’त प्रवेश मागितला तेव्हा शेतकरी आणि गावकरी तिला स्वीकारणार नाहीत, या सबबीवर तो नाकारण्यात आला. प्रश्न पार्लमेंटमध्ये उपस्थित झाला, वृत्तपत्रांत गाजला आणि नंतर तिला हॅम्पशायरमधील एका शेतावर काम मिळाले. भूमिगत रेल्वे स्थानकांत रात्र काढणाऱ्यांच्या छायाचित्रांविषयीही असाच सावधपणा बाळगावा. नोव्हेंबर १९४० च्या गणनेनुसार लंडनमधील केवळ ४ टक्क्यांच्या आसपास लोक तेथे झोपत होते. बहुसंख्य आपापल्या घरातच होते.

याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, भारतात, गृहआघाडीचा अर्थ मुळातच निराळा होता. मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि ‘रेशन’ हा शब्द मराठी घरात कायमचा राहावयास आला. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. ब्रिटनमध्ये सरकारने स्त्रियांना कढईपाशी बोलावले. बंगालमध्ये सरकार नसल्यातच जमा असताना, मणिकुंतला सेन, रेणू चक्रवर्ती प्रभृतींच्या महिला आत्मरक्षा समितीने भुकेल्यांसाठी लापशीची केंद्रे चालवली आणि तांदळासाठी मोर्चे काढले. साखर देणारे खाते पाठीशी असताना केलेले काम आणि तेच खाते समोर उभे असताना केलेले काम यांतून जुळणारे सख्य एकाच मापाने मोजता येणार नाही. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

१९४५ नंतर

युद्ध संपताच स्त्रियांना घराबाहेर पडण्याचे जे कारण राज्यसंस्थेने दिले होते ते तिने परत घेण्यास सुरुवात केली. युद्धकाळात सुमारे दीड हजारांपर्यंत पोहोचलेल्या पाळणाघरांचे केंद्रीय अनुदान कमी करण्यात आले व त्यांतील अनेक बंद पडली. पाळणाघर बंद झाले की त्या दारात सकाळ-संध्याकाळ होणारी मातांची भेटही बंद झाली, ही बाब अर्थसंकल्पात दिसत नाही. लँड आर्मीच्या मुलींना सैनिकी दलातील स्त्रियांप्रमाणे युद्धोत्तर लाभ देण्याचे सरकारने नाकारले तेव्हा तिच्या संचालिका लेडी डेनमन यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये राजीनामा दिला. त्या विमेन्स इन्स्टिट्यूटच्याही राष्ट्रीय अध्यक्षा होत्या. एका संघटनेत त्यांना सरकारपुढे हतबल होऊन बाहेर पडावे लागले. दुसरीचे कामकाज सदस्यांच्या वर्गणीवर आणि मतांवर चालू होते व आजही चालू आहे. स्वयंसेविकांची संघटनाही बदललेल्या नावाने टिकली. परंतु बॅरोसारख्या गावातील रोजची केंद्रे युद्धानंतर आटोपती घेण्यात आली, आणि नेला लास्ट यांना शांततेच्या आगमनात आनंदाबरोबर एक रितेपणही जाणवले. दुपारी दोन वाजता आता कोठे जायचे?

काही गोष्टी मागे घेता आल्या नाहीत, हेही खरे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने विवाहित शिक्षिकांवरील नोकरीबंदी उठवली; प्रशासकीय सेवेतील बंदी १९४६ मध्ये उठली. आपल्यापैकी ज्या प्राध्यापिका विवाहानंतर अध्यापन करतात त्यांना ही बंदी अशक्य कोटीतील वाटेल. परंतु ती केवळ ऐंशी वर्षांपूर्वीची आहे.

कापडी वेष्टनातील हस्तलिखित

येथवर ज्या संघटना पाहिल्या त्यांचे सख्य प्रत्यक्ष भेटीवर उभे होते. शेवटी एका अशा मंडळाचा उल्लेख आवश्यक आहे, ज्याच्या सदस्या क्वचितच एकमेकींना भेटत आणि जे युद्धाच्या आधी सुरू होऊन युद्धानंतर कित्येक दशके चालले. १९३५ मध्ये ‘नर्सरी वर्ल्ड’ या नियतकालिकात ‘युबिक’ या टोपणनावाने एका तरुण मातेचे पत्र छापून आले. जवळ शेजार नाही, करमणुकीचे साधन नाही, दिवस मुलांत जातो आणि डोके रिकामे राहते. कोणी उपाय सुचवील काय, असा त्याचा आशय होता. देशभरातून मातांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतून ‘को-ऑपरेटिव्ह कॉरस्पॉन्डन्स क्लब’ नावाचे खासगी नियतकालिक जन्मास आले.

आपल्या महाविद्यालयांतून भित्तिपत्रके व हस्तलिखिते निघत त्या परंपरेशी याचे नाते सहज लक्षात येईल. प्रत्येक सदस्येने टोपणनावाने लेख लिहून संपादिकेकडे पाठवावयाचा. ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ या नावाने लिहिणारी संपादिका ते सर्व एकत्र बांधून त्यांवर स्वतः भरतकाम केलेले कापडी वेष्टन घाली. प्रत एकच. ती टपालाने एकीकडून दुसरीकडे जाई. वाचणारीने समासात आपले मत लिहावे, पूर्वीच्या वाचकांच्या मतांना उत्तर द्यावे आणि ती पुढे पाठवावी. सदस्यसंख्या दोन डझनांच्या आसपास मर्यादित असे व माता असणे ही अट होती. त्यांतील अनेक जणी सुशिक्षित होत्या व विवाहामुळे नोकरीला मुकलेल्या होत्या.

युद्धात पतींची पांगापांग झाली, घरे बदलली, कागद दुर्मिळ झाला; तरी हे हस्तलिखित फिरत राहिले. बॉम्बहल्ल्यांच्या रात्री, स्थलांतर, बाळंतपण, संसारातील दुरावा, यांविषयी या स्त्रिया त्यात लिहीत. शेजारणीला सांगता येत नाही ते दूरच्या मैत्रिणीला सांगता येते, हा टपालाचा एक गुण आहे. राजकारण आणि धर्म यांविषयी त्यांची मते भिन्न होती व समासांत वादही झडत. पण येथे कोणी यजमान नव्हती आणि कोणी आश्रित नव्हती. प्रत्येकीच्या घरी ते पुडके ठरावीक दिवस मुक्कामाला येई आणि पुढे जाई. या मंडळाला कोणत्याही खात्याने अनुदान दिले नव्हते, त्यामुळे १९४५ मध्ये ते बंद करण्याचा अधिकारही कोणत्या खात्याला नव्हता. सदस्या वृद्ध झाल्या, एकेक करून कमी होत गेल्या, तेव्हा १९९० मध्ये ते थांबले. वेष्टनांसह जपून ठेवलेले त्यांचे अंक ससेक्स विद्यापीठाच्या त्याच दप्तरात, बॅरोच्या रोजनिशीच्या सोबतीला, दाखल झालेले आहेत.